जुन्या जीपचे काटे: डिझेल आणि पाणी दोन्ही एकदम वर, ऑइलचा काटा झोपलेला

घाटरस्ता

नमस्कार मंडळी. माझ्याकडे नव्वदीतली महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, पूजो डिझेल इंजिनाची. गाडी वाईत असते. पसरणीचा घाट चढून पाचगणी, कधीमधी मांढरदेव, एवढाच तिचा संसार. इंजिन ठणठणीत आहे, पण डॅशबोर्डवर विश्वास ठेवावा असं काही राहिलेलं नाही.

टाकीत निम्मं डिझेल असताना काटा 'फुल'च्या पलीकडे जातो. पाण्याचा, म्हणजे इंजिनाच्या तापमानाचा, काटा गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात लाल पट्ट्याला टेकतो. दोन्ही काटे हळूहळू चढतात, झटक्यात नाही. आणि संध्याकाळी हेडलाइट लावले की दोन्ही आणखी वर सरकतात. ऑइल प्रेशरचा काटा मात्र शून्यावरून हलत नाही. आधीच्या मालकांनी वायरिंगमध्ये बरीच जोडाजोड केलेली दिसते.

इथल्या एका गॅरेजमध्ये 'पूर्ण मीटर सेट बदलून टाका' असं सांगितलं. मूळ डायल अजून सुंदर आहेत, त्या काढून बाजारातला कुठलातरी सेट बसवायची माझी अजिबात इच्छा नाही. मल्टिमीटर आहे आणि वापरता येतो. सुरुवात कुठून करू?

निवृत्त वायरमन

घाटरस्ता, मल्टिमीटर अजून बाहेर काढू नका. आधी इंजिन खरोखर तापतंय का ते बघा. काटा लाल दाखवतो म्हणजे काटाच बिघडलाय असं धरून लोक गाडी चालवत राहिले आणि शेवटी हेड उतरवायची वेळ आली, अशा गाड्या मी आयुष्यभर पाहिल्या. खोटं कोण बोलतंय हे ठरवण्याआधी काटा खरं बोलत असेल ही शक्यता संपवायची.

गाडी गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाणी पूर्ण आहे का बघा. गरम असताना झाकणाला हात लावू नका. ७ पौंड दाबाचं झाकण असेल तर आतलं पाणी १०० नव्हे, ११० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते सगळं वाफ होऊन अंगावर येतं. पाणी पूर्ण असेल तर इंजिन चालू करून व्यवस्थित गरम होऊ द्या आणि थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर लेझरवाला थर्मामीटर धरा. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो फसतो, कमी आकडा दाखवतो. तिथे काळी टेप चिकटवून टेपवर मोजा.

उलटी गोष्टही लक्षात ठेवा, ती जास्त धोक्याची आहे. होज फुटून पाणी गेलं आणि सेन्सर कोरडा पडला की तो पाणी मोजतच नाही. इंजिन जळत असतं आणि काटा खाली येतो. घाटात काटा अचानक खाली आला तर आनंद मानायचा नाही, गाडी बाजूला घ्यायची.

घाटरस्ता

काका, मोजलं. पाणी पूर्ण आहे. काटा लाल पट्ट्यात असताना हाउसिंगवर टेप लावून ८४ अंश मिळाले. वरचा होज गरम आहे, पण कडक फुगलेला नाही. म्हणजे इंजिन ठीक आणि काटा खोटा, बरोबर ना?

सर्किटवाली

बरोबर. आता तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या तीन गोष्टींकडे बघा, निदान जवळजवळ त्यांतच आहे: दोन काटे एकाच दिशेने चुकतात, ते हळूहळू चढतात आणि दिवे लावले की चूक वाढते.

हळूहळू चढणारा काटा म्हणजे बायमेटल मीटर. आत दोन धातूंची पट्टी असते, तिच्यावर बारीक तारेची कॉइल गुंडाळलेली असते. करंट गेला की पट्टी तापते, वाकते आणि काटा ढकलते. म्हणून त्याला वेळ लागतो आणि म्हणूनच खड्ड्यांत टाकीतलं डिझेल हिंदकळलं तरी तो नाचत नाही. चावी लावताच झटकन जागेवर जाणारा काटा असेल तर तो चुंबकीय कॉइलचा, त्याची गोष्ट वेगळी.

बायमेटल मीटरची अडचण अशी की व्होल्टेज वाढलं की तोही जास्त दाखवतो. बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट असते, चार्जिंग चालू असताना १४ च्या वर जाते. काटा त्याबरोबर हलू नये म्हणून मीटरच्या मागे एक छोटा स्टॅबिलायझर असतो. डिझेल आणि पाणी, दोन्ही मीटरना सप्लाय त्याच्यातूनच जातो. टाकीतला सेन्सर आणि इंजिनातला सेन्सर एकाच वेळी आणि एकाच दिशेने बिघडणं जवळपास अशक्य आहे. दोघांत सामाईक काय आहे ते शोधायचं: सप्लाय, स्टॅबिलायझर आणि मीटरचं अर्थिंग, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी.

माझा संशय अर्थिंगवर आहे. स्टॅबिलायझर आपलं व्होल्टेज स्वतःच्या डब्याच्या अर्थपासून मोजतो. मीटरचा अर्थ कच्चा असेल तर डॅशबोर्डच्या बल्बांचा करंट परत जाताना तिथे अडतो आणि मीटरचा सगळा डबाच खऱ्या अर्थपेक्षा एक-दीड व्होल्ट वर उचलला जातो. सेन्सर मात्र इंजिनावर आणि टाकीवर, खऱ्या अर्थला बसलेले असतात. त्यामुळे दिवे लावले की दोन्ही काट्यांना तेवढं व्होल्टेज फुकट मिळतं.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या पोलवर टेकवा, क्लँपवर नको. लाल पिन मीटरच्या मागच्या धातूच्या डब्यावर. चावी ऑन करून दिवे बंद असताना एकदा आणि दिवे लावून एकदा, असे दोन आकडे इथे द्या. ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत ठीक समजते मी.

अर्थ तपासायला ओहमची, म्हणजे रोध मोजायची, रेंज वापरू नका. दहातली नऊ तारं तुटलेली वायरसुद्धा ओहमवर शून्य दाखवते, कारण मल्टिमीटर तिच्यातून नगण्य करंट सोडतो. लोड असताना किती व्होल्ट पडतात, त्यातच खरं कळतं.

मिडलंडकर

इंग्लंडातून लिहितोय. माझ्याकडे सिरीज टू-ए लँड रोव्हर आहे आणि तिच्यात स्मिथ्स कंपनीचे मीटर आहेत. ताईंनी सांगितलेलं तंतोतंत खरं आहे. इथे जुन्या गाड्यांच्या क्लबात कोणी 'दोन्ही काटे वर जातात' म्हणालं की पहिला प्रश्न हाच येतो: स्टॅबिलायझरचा डबा अर्थला आहे का? अर्थ पूर्ण तुटला तर तो नियंत्रण करतच नाही, बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज मीटरला जातं.

ब्रिटिश मीटरचा स्टॅबिलायझर सरासरी १० व्होल्ट देतो. सरासरी यासाठी की आत एक बायमेटल कॉन्टॅक्ट सतत उघडझाप करत असतो. डिजिटल मल्टिमीटरवर आकडे शून्य ते बारा असे उड्या मारतात, म्हणून तो बिघडला असं समजू नका. साधा टेस्ट लॅम्प लावा, लुकलुकला तर तो जिवंत आहे. सतत जळत राहिला तर कॉन्टॅक्ट चिकटलाय किंवा अर्थ नाही.

एक सावधगिरी. अमेरिकन जीपमध्ये हेच काम सुमारे ५ व्होल्टवर होतं, आणि पुष्कळ सीजे जीपमध्ये तो रेग्युलेटर वेगळा नसून डिझेल-पेट्रोलच्या मीटरच्या पोटातच असतो. त्या मीटरच्या मागे दोनऐवजी तीन टर्मिनल दिसतात आणि पाण्याच्या मीटरला सप्लाय तिथूनच जातो. भारतातल्या जीपमध्ये इतक्या वर्षांत कोणी कुठला मीटर बसवला असेल सांगता येत नाही. तुमच्याकडे काय आहे ते पाहिल्याशिवाय नवा स्टॅबिलायझर विकत घेऊ नका.

घाटरस्ता

ताई, आकडे: दिवे बंद असताना ०.४, दिवे लावल्यावर १.७ व्होल्ट. मिडलंडकर, मागे पाहिलं. मीटरांच्या शेजारी स्क्रूने बसवलेला वेगळा छोटा डबा आहे, म्हणजे १० व्होल्टवाला असावा.

सर्किटवाली

१.७ म्हणजे सापडलं! आता काहीही उघडण्याआधी खात्री करून घ्या. मीटरच्या डब्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तात्पुरती एक जाड वायर ओढा. दोन-तीन मिनिटं थांबा, काटे हळू आहेत. खाली आले तर मीटर, सेन्सर, स्टॅबिलायझर यांतलं काहीही बदलायची गरज नाही.

रॉकेलडबा

एवढं सगळं करण्यापेक्षा सेन्सरची वायर काढून बॉडीला टेकवायची, काटा फिरला तर मीटर चांगला. आम्ही नेहमी असंच करतो.

निवृत्त वायरमन

रॉकेलडबा, ती परीक्षा चांगली आहे, पण ती वेगळ्या प्रश्नाची. काटा मेलेला असेल तेव्हा ती उपयोगी. वायर काढली की काटा एका टोकाला, अर्थला टेकवली की दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेन्सरचा. इथे काटे मेलेले नाहीत, चुकीचं बोलतायत.

शिवाय बायमेटल मीटरवर ते करताना क्षणभरच टेकवा. सेन्सरचा रोध मध्ये नसल्यामुळे कॉइलमधून प्रमाणाबाहेर करंट जातो. जास्त वेळ धरलं तर पट्टी कायमची वाकते किंवा कॉइल जळते. मी वायर आणि अर्थच्या मध्ये ५ वॅटचा बल्ब लावतो. काटा वर सरकताना दिसला की पुरे, टोकापर्यंत न्यायची गरज नसते.

घाटरस्ता

वायर ओढली. दोन्ही काटे माझ्या डोळ्यांदेखत सावकाश खाली आले! पाण्याचा काटा बरोबर मध्यावर थांबला. दिवे लावले, हॉर्न वाजवला, वायपर चालवले, तरी जागचा हलला नाही.

मग कायमचा अर्थ शोधला. डॅशच्या मागे एक काळी वायर पत्र्याला स्क्रूने लावली होती. कधीतरी गाडी रंगवताना त्या जागेवरही रंग बसलाय, आणि थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) त्या रंगावरच आवळलेलं होतं. आतून हिरवट झालं होतं. पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, नवीन थिंबल, दातेरी वॉशर, आणि आवळल्यावर वरून व्हॅसलिन. आता दिवे लावून ०.०८ व्होल्ट.

सर्किटवाली

उत्तम. त्याच हाताने इंजिन ते चॅसीची विणलेली अर्थ पट्टीही बघा. पाण्याचा आणि ऑइलचा सेन्सर इंजिनाच्या ब्लॉकमधूनच अर्थ घेतात. ती पट्टी खराब असेल तर स्टार्टरचा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलीतून वाट काढतो आणि केबल गरम होते. सेल मारताना इंजिनाच्या ब्लॉकपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत किती व्होल्ट येतात ते मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर पट्टी बदला.

घाटरस्ता

पट्टी नवीनच टाकली, जुनीची अर्धी तारं तुटली होती.

डिझेलचा काटा आता निम्म्याच्या आसपास दाखवतो, पण एक खोड उरली आहे. पातळी उतरत पाव टाकीच्या जरा वर आली की काटा थेट रिकाम्यावर जातो. तसंच चालवत राहिलं की काही किलोमीटरनंतर पुन्हा पाव टाकी दाखवायला लागतो.

तांबडी माती

हे माझ्या गाडीत झालंय, म्हणून सांगतो. टाकीतल्या सेन्सरमध्ये रोधाच्या तारेवर एक पत्ती घासत फिरते, फ्लोटच्या दांड्याला जोडलेली. वर्षानुवर्षं घासून एका जागी तार झिजते किंवा काळी पडते. पत्ती तिथे आली की सर्किट तुटतं, काटा रिकाम्यावर. डिझेल आणखी उतरलं की पत्ती पुढे सरकते आणि काटा परत येतो. टाकीचा अर्थ खराब असता तर सगळ्याच पातळ्यांना कमी दाखवलं असतं.

सेन्सर बाहेर काढा, टेबलावर ठेवा, ओहमवर मल्टिमीटर लावून फ्लोट अगदी सावकाश वरखाली करा. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच तुटला तर दोष सापडला. काळी पडलेली तार असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ कापडाने पुसून बघा, पॉलिश पेपर मात्र लावू नका, तार बारीक असते. फ्लोट कानाशी हलवून बघा, आत डिझेल खुळखुळलं तर तो भोकाचा आहे आणि निम्मा बुडून चालतोय.

नवा घ्यायचा झाला तर जुन्याचे दोन टोकांचे ओहम आधी लिहून ठेवा. अमेरिकन जीपच्या परंपरेत रिकाम्या टाकीला साधारण ७३ आणि भरलेल्या टाकीला १० ओहम असतात. दुसऱ्या काही गाड्यांत बरोबर उलटं, रिकाम्याला शून्य आणि भरल्यावर ९०. तसला बसवला तर टाकी भरल्यावर काटा खाली जाईल.

आणि वाचणाऱ्यांत कोणाची गाडी पेट्रोलची असेल तर हे काम बंद शेडमध्ये करू नका. बॅटरी सोडवा, उघड्यावर करा, टाकीच्या तोंडाशी बल्ब किंवा मीटरची पिन नेऊ नका.

निवृत्त वायरमन

सगळे डिझेल-पाण्यात रमले आहेत, पण माझं लक्ष ऑइलवर आहे. शून्य दाखवणारा ऑइलचा काटा घेऊन घाट चढू नका. डिझेलचा काटा चुकला तर गाडी रस्त्यात बंद पडेल. ऑइल खरंच नसेल तर बेअरिंगं जातील आणि तुमच्या हाती उरेल तो खर्च साधा नसेल.

डिपस्टिक बघा. मग ऑइल सेन्सरची वायर काढून माझ्या बल्बवाल्या पद्धतीने तपासा. काटा हलला तर मीटर ठीक. त्यानंतर सेन्सर काढून त्या जागी यांत्रिक प्रेशर गेज बसवा, नळीवाला. ऑइल प्रेशरच्या बाबतीत मी दुसऱ्या कशावर विश्वास ठेवत नाही. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर बघा. दर हजार आरपीएमला १० पौंड हा जुना कच्चा हिशेब आहे, त्याच्या जवळपास असेल तर रात्री शांत झोपा. आकडा पक्का करायला वर्कशॉप मॅन्युअल बघा.

सेन्सर परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थरच्या थर गुंडाळू नका. एक वायरीचा सेन्सर आट्यांतूनच अर्थ घेतो.

घाटरस्ता

काका, तुमचा शेवटचा परिच्छेद वाचून लगेच सेन्सर काढला. आटे पांढऱ्या टेपने गच्च भरलेले होते, कोणी लावली होती देव जाणे. गेज लावलं: गरम इंजिनावर आयडलला १८ पौंड, दोन हजारला ४० च्या वर. इंजिन निरोगी. टेप काढून तांब्याच्या वॉशरवर सेन्सर बसवला आणि काटा उठून बसला!

डिझेलच्या सेन्सरची तार एका जागी झिजलेलीच निघाली. तेवढा एक सेन्सर नवा घेतला, ओहम जुळवून.

कोकणकडा

धागा वाचून विचारतो. माझ्या जुन्या जीपला अँपमीटर (करंट दाखवणारा काटा) आहे. हेडलाइट लावले की त्याच्या मागून गरम वास येतो.

सर्किटवाली

आजच बघा, याला उद्यावर टाकू नका. अँपमीटरमधून स्टार्टर सोडून गाडीचा जवळपास सगळा करंट जातो आणि त्याच्या वायरींना बहुतेक वेळा फ्यूज नसतो. मागचे नट सैल झाले की तिथे उष्णता होते, प्लास्टिक वितळतं, आणि डॅशला आग लागण्याचं हे एक खरोखरचं कारण आहे. बॅटरी सोडवा, नट काढून थिंबलं साफ करा, इन्सुलेशन कडक झालं असेल तर ती वायर पूर्ण बदला. नंतर जास्त वॅटचे हेडलाइट किंवा मोठा अल्टरनेटर बसवला असेल तर जुना अँपमीटर त्या करंटसाठी बनलेलाच नाही.

माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही वायरी एकत्र पक्क्या जोडून त्या जागी व्होल्टमीटर लावा. त्यातून नगण्य करंट जातो, आणि बॅटरी-चार्जिंगबद्दल तो जास्त सांगतो. गाडी चालू असताना १३.८ ते १४.४ असेल तर सगळं आलबेल. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेलाय.

पद्मिनीवाला

माझी पद्मिनी खाजगी नंबरची आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. तिची २० वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या. त्यांच्यावर हात बसलेले मिस्त्रीही आता शोधावे लागतात, म्हणून इथे विचारतो. स्पीडोमीटरचा काटा ताशी २०-३० ला थरथरतो, उड्या मारतो. किलोमीटर मात्र बरोबर पडतात.

निवृत्त वायरमन

किलोमीटर पडतायत म्हणजे गिअरबॉक्सकडचं पिनियन (छोटं दातेरी चाक) आणि केबल फिरतायत. किलोमीटर आणि काटा दोन्ही बंद असते तर केबल किंवा पिनियन बघितलं असतं. किलोमीटर चालू आणि काटा साफ मेलेला असता तर स्पीडोमीटरचं डोकं उघडावं लागलं असतं. आत फिरणारं चुंबक, त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमची वाटी आणि केसासारखी स्प्रिंग असते, वाटी चुंबकाला चिकटलेली नसते.

कमी वेगात उड्या म्हणजे केबल अडकत अडकत फिरतेय. आतली केबल बाहेर ओढा, रॉकेलने धुवा, सपाट टेबलावर लोळवा. टोक उडी मारत असेल तर ती पिळलेली आहे, बदला. सरळ असेल तर ग्रीस लावा, पण खालच्या दोन तृतीयांश भागालाच आणि हलकं. वरपर्यंत लावलं तर ग्रीस फिरत फिरत डोक्यात चढतं, वाटीला चिकटतं आणि काटा भलताच वेग दाखवायला लागतो. बसवताना तीव्र वळण देऊ नका. मग हायवेला मोबाइलच्या जीपीएसशी वेग ताडून बघा. टायर मूळ मापाचे नसतील तर थोडा फरक राहणारच.

पद्मिनीवाला

उद्या सकाळी काढतो. डोक्याकडचा नट प्लायरने सोडवू की हाताने?

निवृत्त वायरमन

हातानेच. त्याला आडव्या रेघा असतात त्या पकडीसाठी. अगदीच अडला तर रबराचा तुकडा गुंडाळून फिरवा. प्लायर लावला तर डोक्याचे आटे जातात, आणि ते डोकं दुसरं मिळवणं सोपं नाही.